पाचव्या घंटेचा दोर

"आता लक्ष पाठीकडे न्या," बर्निस म्हणाली. "जिथं दुखतंय तिथं. त्याला हाकलू नका. नुसतं बघा, कसं आहे ते."

"कसं आहे म्हणजे? हलकट आहे," थेल्मा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत नऊ माणसं चटया टाकून आडवी झाली होती. त्यातली दोघं-तिघं फिस्सकन हसली. बर्निसही हसली. ती स्वतः खुर्चीत बसून शिकवायची, कारण तिचे कमरेचे दोन्ही सांधे कामातून गेले होते आणि जमिनीवर बसली की उठवायला दोन माणसं लागायची. पूर्वी घरोघर फिरणारी नर्स होती ती. नाटक करणारा पेशंट आणि खरोखर दुखणारा पेशंट तिला दारातूनच ओळखू यायचा.

"बरं, हलकट तर हलकट. श्वास सोडताना जरा बदलतंय का?"

"नाही."

"आत घेताना?"

"बर्निसबाई, ते बदलो नाहीतर न बदलो, मला काही देणंघेणं नाही. मला पंचेचाळीस मिनिटं हवीत. तेवढी मिळवून द्या, परत तुम्हाला तोंड दाखवणार नाही."

"तोंड दाखवलंत तरी चालेल," बर्निस म्हणाली. "आता जबडा सैल सोडा. दात इथपर्यंत ऐकू येतायत."

थेल्मानं जबडा सोडला आणि दुसऱ्याच क्षणाला पुन्हा आवळला. तिच्या पायाचा अंगठा सारखा हलत होता. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात ही बाई कधी स्वस्थ बसली नव्हती. जेवायला बसली तरी एक पाय टेबलाबाहेर असायचा. अशा बाईला डोळे मिटून श्वास मोजायला सांगायचं म्हणजे खरोखर शिक्षाच.

पंचेचाळीस मिनिटांची भानगड अशी, की फेब्रुवारीत अल्बर्ट वारला.

अल्बर्ट बस आगारात मेकॅनिक होता आणि थॉर्नलीच्या चर्चच्या मनोऱ्यात ज्या सहा घंटा आहेत, त्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता. सदतीस वर्षांपूर्वी थेल्माचा नवरा सूटकेस उचलून हॅलिफॅक्सच्या एका केशभूषावालीकडे राहायला गेला, तेव्हा एकटीच घरात भांडी आपटत बसलेल्या थेल्माला अल्बर्टनंच मनोऱ्यात नेलं. "राग खाली ठेवून ये," तो म्हणाला होता, "घंटेला लगेच कळतो." थेल्मा बुटकी. दोर हाताला येईना. पुढच्या आठवड्यात अल्बर्टनं तिच्यासाठी लाकडी खोका करून आणला. त्यावर उभं राहून ती पाचवी घंटा वाजवायला शिकली, आणि सदतीस वर्षं अल्बर्टच्या डाव्या हाताला उभी राहिली. नवऱ्याच्या शेजारी ती इतकी वर्षं कुठली उभी राहायला!

पुढं तिची पाठ गेल्यावर त्यानं काही न बोलता खोक्याला खालून दोन इंचांची फळी ठोकली, म्हणजे तिला वर ताणावं लागू नये. जानेवारीत, शेवटच्या आजारात, ती भेटायला गेली तर म्हणाला, "माझ्यासाठी वाजवाल ना, तेव्हा पाचव्या घंटेवर तूच हवीस. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देऊ नका."

"वाजवीन की," थेल्मा म्हणाली. "आधी मरून तर दाखव."

तो इतका हसला की नर्स धावत आली.

मेलेल्या सोबत्यासाठी वाजवायची तिथली रीत अशी: घंटेच्या लोळ्याला, म्हणजे आत लोंबणाऱ्या टोल्याला, एका बाजूनं चामड्याची गादी बांधायची. मग एक ठोका मोकळा, खणखणीत पडतो, आणि परतीचा ठोका दबका, दरीपलीकडून आल्यासारखा. सहा माणसं, सहा दोर, पाऊण तासाचा फेर. मधे थांबायचं नाही, दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. एक जण जरी गळाला तरी वाजवलेलं सगळं फुकट. मनोऱ्यातल्या वहीत त्याची नोंद होत नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, अल्बर्टच्या स्मरणाच्या प्रार्थनेआधी, हा फेर वाजवायचं ठरलं होतं.

आणि थेल्माची पाठ टिकायची वीस मिनिटं.

अकरा वर्षांपूर्वी ती शाळेच्या स्वयंपाकघरात पडली होती. हातात कस्टर्डचं पातेलं, पायाखाली ओली फरशी. फरशी पुसली होती ऑड्री पिकल्सनं. सावध करणारी पिवळी पाटी दाराआड तशीच टेकून ठेवलेली होती. ऑड्रीनं ती लावलीच नव्हती. नऊ वर्षं दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून बटाटे सोलले होते, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं. त्या दिवसानंतर ऑड्री एकदाही भेटायला आली नाही. ना फुलं, ना चिठ्ठी, ना फोन. पाठीतल्या सुया, गोळ्या, गेलेली नोकरी हे सगळं थेल्मानं कसंबसं गिळलं. हे मात्र घशाखाली उतरलं नाही.

पाचव्या आठवड्यात बर्निसनं नवीनच काढलं.

"आज एक असं माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्याशी तुमचं जमत नाही. एकदम मोठा वैरी नको. छोटासा बघा."

थेल्मानं पोस्टमन धरला. तो तिची मासिकं घडी घालून फटीतून कोंबायचा. बरा होता वैरी, बेताचा. पण दोन श्वास झाले नाहीत तोच पोस्टमनला बाजूला सारून ऑड्री उभी राहिली, एप्रनला हात पुसत.

"आता मनात एवढंच म्हणा," बर्निस सांगत होती, "मला जसं दुखायला नको असतं, तसं ह्या माणसालाही नको असतं."

थेल्मा कूस बदलून, खुर्चीला धरून, उठली आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे चहाचे कप खणाखणा रचायला लागली. बाकीचे आठ जण डोळे मिटून त्या आवाजावरच दया करत राहिले.

"कोण आलं?" नंतर चहा ओतताना बर्निसनं विचारलं.

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणून माणूस इतके कप रचत नाही."

थेल्मानं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला. बर्निसनं ऐकून घेतलं. शहाणपण शिकवलं नाही.

"हे बघा थेल्माबाई," ती म्हणाली, "मणक्यात दुखतं ते एक. ते तुमच्या माझ्या हातात नाही. पण त्याच्यावर आपण दात आवळतो, खांदे आवळतो, अकरा वर्षं कुणाला तरी धरून ठेवतो. ते वरचं ओझं. मी फक्त त्याच्याबद्दल बोलतेय."

"म्हणजे चूक तिची आणि सोडायचं मी?"

"चूक तिचीच. मी कुठं नाही म्हणतेय?" बर्निसनं पिशवीतून अंड्याच्या आकाराचं, किल्लीचं घड्याळ काढलं, स्वयंपाकघरात असतं तसलं. "हे ठेवा. वीस मिनिटं लावायचं. वाजलं की थांबायचं. बरं वाटत असलं तरी थांबायचं. आठवड्याला एक मिनिट वाढवा."

"एक मिनिट! त्या हिशेबानं मी ऑक्टोबरमध्ये पोचेन."

"वाजल्यावर निदान ऐका तरी. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

थेल्मानं घड्याळ घेतलं आणि त्याचा पुरता अपमान केला. मागच्या अंगणातल्या शेडच्या आढ्याला तिनं कपडे वाळत घालायची दोरी बांधली, खाली वाळूची पिशवी लटकवली, आणि ओढत सुटली. घड्याळ वाजायचं. ती त्याला "गप रे" म्हणायची आणि पुढं ओढायची. पंचवीस झाली, तीस झाली. एप्रिलच्या शेवटी तिनं चाळीस मिनिटं ओढून दाखवली, कुणाला तर पिशवीला. त्यानंतर तीन दिवस ती स्वयंपाकघराच्या फरशीवर उशी घेऊन पडून होती. ही गोष्ट तिनं जगात कुणाला सांगितली नाही.

पण नेव्हिलला वास लागला. अल्बर्टनंतर मनोऱ्याचा म्होरक्या तोच झाला होता. औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळं कोण किती गोळ्या नेतं हे त्याला न विचारता ठाऊक.

"थेल्मा, रागावू नकोस," तो दारात उभा राहून म्हणाला. "एक माणूस जादा बोलावून ठेवलंय. लागलंच तर."

"कोण?"

नेव्हिल पायपुसण्याकडे बघत राहिला. "दरीपलीकडच्या चर्चमधली. पाचवी घंटा झेपेल अशी दुसरी कुणी मोकळी नाहीये गं."

"नाव सांग."

"ऑड्री पिकल्स."

थेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "ती बाई अल्बर्टच्या मनोऱ्यात? माझ्या खोक्यावर?"

"तिला खोका नाही लागायचा," नेव्हिल म्हणाला, आणि बोलून पस्तावला. "अगं, नुसती बसून राहील. तू वाजवतेयस ना? मग झालं तर."

"मीच वाजवतेय," थेल्मा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळपासून बारीक पाऊस झिमझिमत होता. प्रार्थना सव्वातीनला होती. दोनला सुरुवात करायची ठरली होती, पण थेल्मा एक वाजताच मनोऱ्यात हजर. गोल दगडी जिन्याच्या एकेचाळीस पायऱ्या तिनं एका दमात चढल्या, आणि वर जाते तो नेव्हिल गाद्या घेऊन घंटांकडे जाणाऱ्या शिडीवर.

"पाचवीची मी बांधणार," ती म्हणाली.

"थेल्मा, शिडी आहे."

"शिडी मला दिसतेय. अल्बर्ट असताना पाचवीची गादी मीच बांधायची. दे इकडं."

तिच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. ती वर गेली. घंटांच्या चौकटीत वाकून, अंग चोरून, पोटावर रेलून तिनं लोळ्याला गादी बांधली. तिसरा पट्टा आवळताना पाठीत ती ओळखीची कळ सुरू झाली, डाव्या कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत. थेल्मानं दात आवळले, पट्टा खेचला आणि कसं झालंय हे न बघताच खाली उतरली.

खाली भिंतीकडेच्या बाकावर ऑड्री बसली होती. कोट अंगात, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पर्स. केस पार पांढरे झाले होते. थेल्मानं तिच्याकडे पाहिलं, ऑड्रीनंही पाहिलं, आणि दोघींनी नजर एकाच वेळी दोन वेगळ्या भिंतींकडे नेली.

दोन वाजता थेल्मा खोक्यावर चढली. स्वेटरच्या खिशातल्या घड्याळाला तिनं सवयीनं वीस मिनिटांची किल्ली दिली. मग दोराच्या मधली लोकरीची जाड मूठ धरली. निळी-पांढरी मूठ, सदतीस वर्षांच्या हातांनी मऊ झालेली.

"लक्ष द्या!" नेव्हिल म्हणाला.

सहा घंटा हळूहळू झुलत झुलत वर चढल्या, पार उलट्या होईपर्यंत. हेच सगळ्यात जड काम. थेल्माचा घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. खांदे कानांना लागले. पण घंटा चढली! ती म्हणाली, बघ अल्बर्ट. आता सहाही जणांनी फेर धरायचा होता; आधी चार-सहा वेळा साधं, ओळीनं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. मोकळे ठोके. मग परतीचे, दबके.

दबक्या ठोक्यांत एक घंटा कानठळ्या बसवत वाजली. पुन्हा मोकळे ठोके आले. त्यात तीच घंटा मुकी. पुन्हा दबके आले. त्यात तीच ठणाणा.

"थांबा!" नेव्हिल ओरडला.

सहा घंटा थांबल्या. सगळ्यांचे डोळे वर छताकडे गेले. बोलायची गरजच नव्हती. पाचव्या घंटेची गादी उलट्या बाजूनं बांधलेली होती.

ही चूक शिकाऊ माणसाची. पहिल्या वर्षात करायची आणि मग जन्मभर त्यावरून चेष्टा ऐकायची अशी. सदतीस वर्षं दोर ओढलेल्या बाईनं, आज, अल्बर्टसाठी, ती केली होती.

"होतं असं," नेव्हिल म्हणाला. "सगळ्या उतरवायला लागतील. घंटा अशा उलट्या असताना वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ."

सगळ्या घंटा उतरवल्या. थेल्मानंही तिची उतरवली, कारण दुसरं कोण उतरवणार? उतरवताना प्रत्येक ओढीला पाठीत कुणीतरी चाकू फिरवत होतं. नेव्हिल वर गेला. खालून चर्चमध्ये माणसं येऊन बसत असल्याचे आवाज यायला लागले. भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून अठरा मिनिटं दाखवत होतं. नेव्हिल उतरेपर्यंत वीस. घंटा पुन्हा चढवायला पाच. मग पाऊण तास. तीन वाजून दहा. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. मधे गळालं कुणी, तर अल्बर्टला काहीच मिळणार नव्हतं.

नेव्हिल शिडीवरून उतरला, हात पुसत आपल्या दोराकडे गेला. थेल्मानं मूठ धरली.

आणि तिच्या खिशात घड्याळ वाजलं.

मनोऱ्यातल्या त्या शांततेत ते केवढ्यानं वाजलं! किरकिरं, घाईचं, हट्टी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. शेडमध्ये ती त्याला गप म्हणायची. आता तिचा हात खिशाकडे गेला नाही. ती मूठ धरून उभी राहिली आणि ते वाजून वाजून आपोआप बंद होईपर्यंत तिनं ते पुरं ऐकलं.

ऐकता ऐकता तिला कळलं की आपण रडतोय. रडू पाठीचं नव्हतं. चाळीस मिनिटं ही पिशवीच्या जोरावर मारलेली बढाई होती. वर शिडीवर जाणं हीही. तिला वाजवायचं होतं, जिवापाड वाजवायचं होतं, आणि तिला ते जमणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. अकरा वर्षांत तिनं ती एकदाही स्वतःशी नीट बोलून पाहिली नव्हती. ह्या बिचाऱ्या पाठीला तिनं आजवर शिव्यांशिवाय दिलं तरी काय होतं?

ती खोक्यावरून उतरली. एकेक पाय, सावकाश.

"ऑड्री," ती म्हणाली.

ऑड्री उठली नाही. पर्स घट्ट धरून बसली. "मी नाही," ती म्हणाली. "नेव्हिलनं बोलावलं म्हणून आले गं. तुझ्या दोराला मी हात लावणार नाही."

"मग काय बघायला आलीस?"

"थेल्मा, ती पाटी..." ऑड्री पर्सची कडी उघडझाप करायला लागली. "मी लावली नव्हती. दाराआडच होती. रोज वाटायचं यावं. तीनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. मग वाटलं, तू दारातून हाकलशील."

"हाकललंच असतं."

"म्हणूनच नाही आले."

"यायचं होतंस आणि हाकलून घ्यायचं होतंस," थेल्मा म्हणाली. "अकरा वर्षं, ऑड्री! एक फोन नाही? माझं तुझ्यावाचून कोण होतं गं त्या स्वयंपाकघरात?"

ऑड्री रडायला लागली. तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, मान आखडलेली. अशी आखडलेली मान थेल्माला ओळखीची होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी तशाच नऊ माना जमायच्या.

"कोट काढ," थेल्मा म्हणाली. "अल्बर्ट खोळंबलाय. पाचवी परतीच्या ठोक्याला जरा रेंगाळते, आधीपासून ओढायची. आणि जबडा सैल सोड, दात इथपर्यंत ऐकू येतायत."

ऑड्रीनं कोट काढला. खोका तिला लागणार नव्हता. थेल्मानं तो पायानं भिंतीकडे सरकवला आणि त्याच्यावरच बसली, पाठ थंड दगडाला लावून.

"लक्ष द्या!"

ह्या वेळी सगळं जागच्या जागी पडलं. मोकळा ठोका, मग दबका. मोकळा, मग दबका. पाचवी पहिली दहा मिनिटं जरा उशिरा पडत होती. "आधी, आधी," थेल्मा पुटपुटत होती. मग पुटपुटायचं राहून गेलं. पाठ दुखत होती, चांगलीच दुखत होती, आणि ती दुखण्याशेजारी बसली होती. प्रत्येक मोकळ्या ठोक्याला मांडीवरचे तिचे दोन्ही हात बोटभर उचलले जात होते, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही. समोरच्या नेव्हिलच्या लक्षात आलं, आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

तीन वाजून अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, "थांबा." फेर पुरा झाला होता. खालच्या खुर्च्यांवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

नेव्हिलनं वही उघडली. नियमाप्रमाणं ज्यांनी वाजवलं त्यांचीच नावं लिहायची. चार नावं लिहून तो थांबला आणि पेन नुसतं धरून बसला.

"लिही की," थेल्मा म्हणाली. "पाच. ऑड्री पिकल्स. स्पेलिंग नीट लिही, तुझं अक्षर अल्बर्टला कधीच लागत नव्हतं."

त्यानं लिहिलं. थेल्मानं ते वाचून पाहिलं. वाचून झाल्यावर ती जरा वेळ भिंतीला धरून उभी राहिली. मग घड्याळ खिशात आहे ना बघितलं आणि जिन्याकडे निघाली.

ऑड्री घाईनं तिच्या पुढं झाली. जिन्याच्या झरोक्यांतून पाऊस आत आला होता. त्या पायऱ्या थेल्माच्या पायांना सदतीस वर्षं पाठ होत्या. डोळे मिटून उतरली असती. ऑड्री एक पायरी उतरली, वळली, आणि हात वर केला.

"ही ओली आहे," ती म्हणाली.

थेल्मानं तिचा हात धरला आणि पाय जपून टाकला.

"हीसुद्धा."

"बरं," थेल्मा म्हणाली.

"ही कोरडी आहे. पुढची ओली."

एकेचाळीस पायऱ्या होत्या. ऑड्रीनं एकही सोडली नाही, आणि थेल्मानं प्रत्येक पायरीला बरं म्हटलं.